मॅट्रिक: पटावरचं नाव की पास झाल्याचा कागद?

या वेळच्या टपालात एका शब्दानं जागा अडवली आहे. पासपोर्टचे अर्ज, अकरावीच्या शिष्यवृत्त्या, नौदलाची भरती, परदेशी विद्यापीठांचे फॉर्म, आजोबांचे पिवळे पडलेले दाखले, सगळीकडे ‘मॅट्रिक’ आणि सगळीकडे त्याचा अर्थ वेगळा. म्हणून या अंकातलं पान त्यालाच दिलं आहे.

प्रश्न (दापोली): मॅट्रिक म्हणजे दहावी पास, हा अर्थ इंग्रजीतला आहे का? मूळ शब्द कुठला?

इंग्लंडमध्ये ‘मॅट्रिक्युलेट’ म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. पास होण्याशी त्याचा थेट संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मॅट्रिक्स’ या शब्दाला पुढे ‘सार्वजनिक नोंदवही’ असाही अर्थ आला. त्याचं लघुरूप ‘मॅट्रिक्युला’, म्हणजे यादी, नामावली. तिच्यात नाव लिहिणं ते मॅट्रिक्युलेशन. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकात रुळलं. ऑक्सफर्डला आजही नव्या विद्यार्थ्यांचा मॅट्रिक्युलेशनचा समारंभ होतो. ठरलेला काळा-पांढरा पोशाख घालून मुलं जमतात आणि विद्यापीठाची सदस्य होतात. त्या दिवशी परीक्षा वगैरे काही नसते.

आपल्याकडे अर्थ फिरला तो मुंबई विद्यापीठामुळे. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. ही होती प्रवेशपरीक्षा. पास व्हा, मग पटावर नाव. पण तेवढी पास झाली की कचेरीत कारकुनी मिळायची, शाळेत मास्तरकी मिळायची. त्यामुळे कॉलेजची पायरीही न चढलेली माणसं ‘मॅट्रिक’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पटावर नाव चढवण्याचा भाग गळून पडला आणि परीक्षा तेवढी शब्दाला चिकटून राहिली. ‘तो मॅट्रिक आहे’ हे वाक्य मराठीत बिनचूक आहे. इंग्रजाला मात्र ते कळणार नाही.

त्या पहिल्या तुकडीत मालवणात जन्मलेले रा. गो. भांडारकर होते. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक झाले, तर तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८८१ मध्ये, तेही वयाच्या तेविशीत. कर्व्यांना उशीर झाला कारण आधी त्यांनी मराठी शाळेची वाट धरली होती. त्या वाटेवरची परीक्षा निराळी होती. पुढचा प्रश्न नेमका त्याबद्दलच आहे.

प्रश्न (लांजा): आजोबांच्या १९३० च्या दशकातल्या दाखल्यावर ‘इयत्ता सातवी’ आहे. घरात सगळे त्यांना मॅट्रिक म्हणत. खरं काय? आणि मूळ नोंद कुठे मिळेल?

दोन्ही खरं असू शकतं. त्या काळी दोन शिड्या होत्या आणि दोन्हींची शेवटची पायरी ‘सातवी’च होती.

पहिली शिडी मराठी शाळेची: पहिली ते सातवी. शेवटी व्हर्नाक्युलर फायनल, बोलण्यात ‘व्हर्नाक्युलर’ किंवा ‘फायनल’, कागदावर ‘व्ह. फा.’. ही पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक, तलाठी होऊ शके, पण तो मॅट्रिक नव्हे. दुसरी शिडी इंग्रजी शाळेची. साधारणपणे मराठी चौथी झाली की मूल इंग्रजी पहिलीत जाई आणि इंग्रजी सातवीला मॅट्रिकला बसे. म्हणजे चार अधिक सात, एकूण अकरा वर्षं. आजच्या हिशेबात इंग्रजी पहिली म्हणजे पाचवी, इंग्रजी तिसरी म्हणजे सातवी, इंग्रजी पाचवी म्हणजे नववी.

तेव्हा दाखल्यावर इयत्तेच्या आकड्याआधी शाळेचं नाव वाचा. ‘मराठी शाळा’, ‘लोकल बोर्ड शाळा’ असेल तर ती मराठी सातवी. ‘हायस्कूल’ किंवा ‘इंग्लिश स्कूल’ असेल तर ती इंग्रजी सातवी, म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. तरीही सावध राहा. मॅट्रिकच्या वर्गात असणं आणि मॅट्रिक पास होणं यांत पुष्कळ अंतर होतं. गणित किंवा इंग्रजीत गचकून पुन्हापुन्हा बसणारे गावोगाव होते. ‘नॉन-मॅट्रिक’ हा शब्द त्यांच्यासाठीच आला, आणि गंमत म्हणजे तोही नोकरीच्या अर्जात शिक्षण म्हणून लिहिला जाई. पास झाल्याचा पुरावा म्हणजे विद्यापीठाचं प्रमाणपत्र. शाळेचा दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रमाणपत्र कुणी दिलं ते सालावरून कळतं. १९४८ पर्यंत मुंबई विद्यापीठ. १९४९ पासून एस.एस.सी. परीक्षा मंडळ, पण परीक्षा अकरावीचीच. १९७५ पासून दहावीची एस.एस.सी. म्हणजे १९६८ सालचा ‘एस.एस.सी. पास’ माणूस आजच्या दहावीपेक्षा एक वर्ष जास्त शिकलेला असतो. असे बरेच आजोबा नातवंडांना हे ऐकवतात, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही.

आता नोंद शोधणं. शाळेत जी वही असते तिला ‘जनरल रजिस्टर’ किंवा ‘दाखल-खारीज रजिस्टर’ म्हणतात. (लॅटिन मॅट्रिक्युलाचा अगदी तंतोतंत मराठी अवतार. त्या अर्थानं पहिलीच्या पटावरचं मूलसुद्धा मॅट्रिक झालेलंच असतं!) मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून ‘निर्गम उतारा’, म्हणजे या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल, मागा. अर्जात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे जन्मसाल आणि शाळेत घातल्याचं अंदाजे साल द्या. अंदाजाच्या मागेपुढे पाच-पाच वर्षं पाहायला सांगा, कारण शाळेत घालताना वय सर्रास पुढेमागे लिहिलं जाई.

शोध अडतो तो नेहमीच्याच ठिकाणी. जुन्या नोंदीत आडनावाच्या जागी गावाचं किंवा जातीचं नाव असतं, कधी आडनावच नसतं. म्हणून वडिलांच्या नावावरून शोधा. काही नोंदी मोडीत असतात. तिथे मोडीचं प्रशिक्षण घेतलेल्या जाणकाराकडून लिप्यंतर करून त्यावर सही घ्या. घरच्यांनी ‘वाचलेली’ मोडी कचेरीत चालत नाही. वाडीतली जुनी शाळा बंद झाली असेल तर तिचं दप्तर कुठल्या शाळेकडे गेलं ते केंद्रप्रमुख किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला हे विसरू नका. त्याआधीच्या मालवण, देवगड, कणकवलीच्या कागदांवर ‘जिल्हा रत्नागिरी’ असणार. ती चूक समजून खाडाखोड करू नका.

उतारा तोंडी नाकारला तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न (खेड): मुलगा दहावीपर्यंत शिकला आहे. आखातात नोकरी मिळते आहे, पण पासपोर्टवर ‘ईसीआर’ आलं. एजंट म्हणतो मॅट्रिकचा कागद लावा. शाळा सोडल्याचा दाखला आहे, तो चालेल का?

सहसा नाही. दाखला सांगतो की मुलगा दहावीच्या पटावर होता. पासपोर्ट कार्यालयाला हवं असतं ते दहावी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, किंवा त्यावरच्या परीक्षेचं.

ईसीआर म्हणजे नोकरीसाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारची परवानगी हवी. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालची ही व्यवस्था आहे. कमी शिकलेला कामगार करार न वाचताच सही करतो आणि तिकडे फसतो, म्हणून हा अडसर ठेवला. यादीत १८ देश आहेत. त्यांत कोकणातली माणसं जातात ते जवळजवळ सगळे येतात: सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, शिवाय मलेशिया, इराक, जॉर्डन वगैरे. दहावी पास माणसाला हा अडसर नाही. २००७ पासूनच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ छापलेलं नसेल तर परवानगीची गरज नाही असं समजायचं.

मुलगा दहावी पास असेल आणि अर्ज भरताना प्रमाणपत्र जोडायचं राहिलं असेल, तर ‘री-इश्यू’चा अर्ज करून त्यात ईसीआर काढून टाकण्याचा पर्याय निवडा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. केंद्रावर जाताना बोर्डाचं मूळ प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका दोन्ही न्या. त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. घोळ होतो तो बहुधा इथेच: बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. प्रमाणपत्र हरवलं असेल तर बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रत मागा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ आहे, पण मंडळ वेगळं होण्याआधीची बॅच असेल तर अर्जाआधी शाळेतून बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि साल लिहून घ्या. त्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

एटीकेटी घेऊन अकरावीला गेलेली मुलं इथे हमखास चुकतात. एक-दोन विषय राहिले असतानाही अकरावीत प्रवेश मिळतो, पण राहिलेले विषय सुटेपर्यंत तुम्ही दहावी उत्तीर्ण नाही. अकरावीचं ओळखपत्र दाखवून ईसीआर जात नाही.

मुलगा नापासच असेल तर दोन वाटा. एक, ईसीआर राहू दे आणि रीतसर परवानगी काढा. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवरून उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयामार्फत मिळते. एजंटाचा नोंदणी क्रमांक त्याच पोर्टलवर तपासता येतो आणि तो तपासाच. या परवानगीबरोबर प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, त्याचं संरक्षण १० लाखांचं आहे. सूट घेऊन गेलेल्यापेक्षा परवानगी घेऊन गेलेला माणूस कागदोपत्री जास्त सुरक्षित असतो, हे एजंट सांगत नाहीत. दुसरी वाट, राहिलेले विषय सोडवा. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावीही चालते. मान्यताप्राप्त दोन वर्षांचा आयटीआय, पन्नाशी ओलांडलेलं वय किंवा जहाजावरच्या खलाशाची सीडीसी (नोंदणीपुस्तिका) यांनीही सूट मिळते.

‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ’ ही तिसरी वाट कुणी सुचवली तर घेऊ नका. फिरायला जाणाऱ्याला परवानगी लागत नाही हे खरं, पण तिकडे कामाला लागल्यावर पगार अडकला, पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला, तर हातात नोंदलेला करारच नसतो.

प्रश्न (रत्नागिरी): जाहिरातीत ‘एसएससी’ आणि ‘एमआर’ असं असतं. एसएससी म्हणजे दहावीच ना?

जाहिरात कुणाची ते पाहा. आपल्या बोर्डाची एसएससी म्हणजे माध्यमिक शालांत प्रमाणपत्र, दहावी. केंद्र सरकारच्या नोकरभरतीतली एसएससी म्हणजे कर्मचारी निवड आयोग. त्यांच्या एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) पदांसाठी पात्रता ‘मॅट्रिक्युलेशन’, म्हणजे आपली एसएससी! आणि सैन्यदलांच्या अधिकारी भरतीतली एसएससी म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, तिथे दहावीवर काहीच होत नाही. ‘एसएससी पास पाहिजे’ आणि ‘एसएससीची भरती’ ही दोन वाक्यं एकाच फलकावर वाचून पोरं गोंधळतात, त्यात त्यांचा दोष नाही.

‘एमआर’ म्हणजे मॅट्रिक रिक्रूट. नौदलाची दहावीवरची भरती, कामं आचारी, स्टुअर्ड, स्वच्छता अशी. ‘एसएसआर’, म्हणजे सीनियर सेकंडरी रिक्रूट, ही बारावीवरची भरती हवी असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. समुद्रावर जायचंय म्हणून अकरावीला डोळे झाकून कला शाखा घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं. व्यापारी जहाजांवर जीपी रेटिंग या खलाशीपदाच्या अभ्यासक्रमालाही दहावीच लागते, पण तिथे गणित-विज्ञान घेऊन पास आणि इंग्रजीत किमान ४० टक्के, अशी अट आहे. ३५ वर सुटलेला विषय तिथे आडवा येतो.

केंद्राच्या भरतीत जन्मतारीख धरली जाते ती मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरची. म्हणून दहावीच्या परीक्षेआधी शाळेत जी ‘प्री-लिस्ट’ तपासायला देतात ती मुलाच्या हातात सोपवू नका. पालकांनी स्वतः नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी ताडून मगच सही करावी. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली तारीख बदलणं फार अवघड. लेखनिकाची उघड चूक असेल तरच, तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं.

प्रश्न (कुडाळ): मुलगी अकरावीत आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ‘पोस्ट-मॅट्रिक’ शिष्यवृत्ती दिसते. तिनं मॅट्रिक वेगळी द्यायची का?

नाही. दहावीनंतरचं सगळं पोस्ट-मॅट्रिक: अकरावी-बारावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, पदवी. दहावीपर्यंतचं प्री-मॅट्रिक. बोर्डानं शब्द टाकून पाऊणशे वर्षं झाली तरी योजनांच्या नावात तो तसाच राहिला आहे, इतकंच.

अनुसूचित जातींच्या योजनेला कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे, इतर प्रवर्गांची पोर्टलवर त्या-त्या योजनेखाली पाहा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँकेत. नुसतं आधार खात्याला जोडून भागत नाही, सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खातं ‘सीडिंग’ झालेलं, म्हणजे आधारवर पैसे जमा करायचं खातं म्हणून नोंदलेलं लागतं. दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातात आणि मुलगी दुसऱ्याच बँकेचं पासबुक भरत बसते. अर्ज दर वर्षी नव्यानं पुढे चालवायचा, आपोआप चालू राहत नाही.

प्रश्न (चिपळूण): जर्मनीच्या विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये ‘मॅट्रिकेलनुमर’ विचारलाय आणि अमेरिकेच्या फॉर्ममध्ये ‘डेट ऑफ मॅट्रिक्युलेशन’. दहावीचा बैठक क्रमांक आणि तारीख लिहू का?

अजिबात नको. या दोन्ही ठिकाणी शब्द मूळ अर्थानं आहे. मॅट्रिकेलनुमर म्हणजे जर्मन विद्यापीठाच्या पटावरचा तुमचा क्रमांक. तो प्रवेश पक्का झाल्यावर मिळतो आणि पुढे ओळखपत्रापासून परीक्षेच्या यादीपर्यंत तोच वापरतात. पूर्वी तिथल्या विद्यापीठात शिकला नसाल तर रकाना रिकामा सोडा. प्रवेशनोंदणी म्हणजे इमॅट्रिक्युलेशन, नाव काढणं म्हणजे एक्समॅट्रिक्युलेशन. आपलं दाखल आणि खारीज.

अमेरिकेच्या फॉर्ममध्ये तुम्ही पदवीच्या अभ्यासक्रमात नाव नोंदवल्याची किंवा नोंदवणार असल्याची तारीख विचारलेली असते. तिथे ‘मार्च’ आणि दहावीचं साल लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हा मुलगा पंधराव्या वर्षी कॉलेजात गेला. दहावी लिहायची जागा शालेय शिक्षणाच्या रकान्यात. तिथेही ‘मॅट्रिक’ न लिहिता बोर्डाचं पूर्ण नाव, ‘इयत्ता १०’ आणि साल लिहा, कारण दक्षिण आफ्रिकेत ‘मॅट्रिक’ म्हणजे बारावी आणि पाकिस्तानात दहावी. आपल्याच तमिळनाडूत तर ‘मॅट्रिक्युलेशन स्कूल’ हा शाळेचा एक प्रकार आहे.

प्रश्न (अलिबाग): मुलाखतीत इंग्रजीतून शिक्षण सांगताना ‘आय डिड माय मॅट्रिक’ म्हणावं का?

भारतातल्या मुलाखतीत चालतं, पण जुनाट वाटतं. ‘क्लास टेन’ आणि बोर्डाचं नाव पुरे. आणि ‘पासआउट’ म्हणू नका. परदेशी कानाला ते ‘बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येतं.

प्रश्न (सावंतवाडी): गोव्यातल्या जमिनीच्या जुन्या खरेदीखतात ‘मात्रिझ नंबर’ आहे. याचा मॅट्रिकशी संबंध आहे का? आणि दोन्हींचा आपल्या ‘मातृका’शी?

मात्रिझशी आहे, अगदी सख्खा. पोर्तुगीज अमदानीतली ‘मात्रिझ प्रेदियाल’ म्हणजे मालमत्तेच्या करआकारणीची नोंदवही, आणि तुमच्या खतातला आकडा म्हणजे तिच्यातला नोंदक्रमांक. पोर्तुगीजमध्ये शाळेतल्या नावनोंदणीला ‘मात्रिकुला’ म्हणतात, गाडीच्या नंबरालाही तेच. मात्र करआकारणीची ही नोंद आणि जमीन नोंदणी कार्यालयातला ‘डिस्क्रिप्शन नंबर’ हे दोन वेगळे क्रमांक आहेत. खतात दोन्ही असतात. शोध घेताना दोन्ही उतरवून घ्या आणि आताच्या सर्व्हे नंबराशी जोडून पाहा.

‘मातृका’ त्यातून आली नाही, की ते मातृकेतून आले नाहीत. ‘मॅट्रिक्स’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘मातेर’ (आई) आणि संस्कृत ‘मातृ’ एकाच मूळच्या बहिणी, तेवढंच नातं.